प्राथमिक शिक्षकाची सनद आणि आपली मुले-मुली

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस 'शिक्षणासंबंधी काहीतरी लिहा' असे सांगितले, तेव्हा प्रथम एखादा उपदेशपर लेख लिहावा असे मनात आले होते. परंतु रविवारी सकाळी ट्रस्टच्या कार्यालयात जे आईबाप येऊन बसतात, त्यांचे प्रश्न आठवले आणि तो बेत आम्ही सोडून दिला. डाइंग मिलमधली रात्रपाळी संपवून तसाच आलेला बाप, शेजारी बारावीची गुणपत्रिका पिशवीत घालून बसलेली मुलगी, आणि प्रश्न ठरलेला: "नाना, पोरगी बारावी व्हयनी. तिले मास्तरीण करनी शे. काय करानं?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. देऊ नये, हे आम्ही स्वतः एक मोठी चूक करून शिकलो. ती चूक पुढे योग्य ठिकाणी सांगू. आधी विषय समजून घेऊ.

आमचे वडीलधारे लोक नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून उधन्याच्या गाडीत बसून इकडे आले, तेव्हा मास्तरकीची वाट निराळी होती. सातवीची परीक्षा पास व्हावे, गावच्या शाळेत नोकरी धरावी, पुढे वर्ष-दोन वर्षे ट्रेनिंग कॉलेजात काढावीत. जो जाऊन आला तो 'ट्रेंड' मास्तर, जो गेला नाही तो 'अनट्रेंड'. पगारातला फरक गावाला ठाऊक असे आणि लग्न जुळवतानाही तो विचारला जाई. ३० एप्रिल १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. प्राथमिक शाळांचा कायदाही दोहोंकडे एकच, म्हणजे १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा. १ मे १९६० ला दोन राज्ये झाली. गाडी होती तीच राहिली, रुळही तेच राहिले. पण तापीच्या वरच्या अंगाला मिळालेले प्रमाणपत्र खालच्या अंगाला चालेल की नाही, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या घरात शिरला. आजही तो बाहेर गेलेला नाही.

शिक्षकाजवळ काही विशिष्ट शिक्षण असले पाहिजे, हा विचार सरकारी कचेरीतून निघालेला नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकांविषयी स्पष्ट मागण्या आहेत. शिक्षक प्रशिक्षित असावा. तो शक्य तो शेतकरी वर्गातून आलेला असावा, म्हणजे मुलांच्या आईबापांत तो मोकळेपणाने मिसळेल व त्यांच्या गरजा त्यास कळतील. आणि त्याचा पगार महिना बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो पंधरा-वीस असावा, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या मते या तीन मागण्या एकाच मागणीची तीन अंगे आहेत. प्रशिक्षण असेल पण मुलाच्या घराची ओळख नसेल, तर ते शिक्षण कोरडे राहते. ओळख आहे पण प्रशिक्षण नाही, तर नुसता जिव्हाळा राहतो. आणि पगारच नसेल, तर दोन्ही असलेला माणूस दुसरा धंदा पाहतो.

आता आजचा कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या तेविसाव्या कलमाने शिक्षकाची किमान पात्रता ठरविण्याचे काम केंद्राने नेमलेल्या एका संस्थेकडे दिले. ही संस्था म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. १९९३ च्या कायद्याने ती अस्तित्वात आली. तिने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढली आणि देशभरच्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रतेची पायरी ठरवून दिली. राज्याने त्यावर काही जास्त मागावे, कमी मागू नये, असा तिचा अर्थ.

येथे वाचकांनी थोडे सावकाश वाचावे, कारण घोटाळा येथेच होतो. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बारावीला शेकडा पन्नास गुण आणि दोन वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका लागते. हिलाच लोक डी.एल.एड. म्हणतात. गुजराथेत तिचे जुने नाव पी.टी.सी. आणि महाराष्ट्रात डी.एड. म्हणून जुन्या माणसाने 'पी.टी.सी. कर' म्हटले आणि नव्याने 'डी.एल.एड. कर' म्हटले, तर ते दोन निराळे सल्ले समजू नयेत. सहावी ते आठवीसाठी पदवी लागते. तिच्या जोडीला हीच पदविका चालते, किंवा पदवीला शेकडा पन्नास गुण असतील तर बी.एड. चालते. याखेरीज चार वर्षांचे एकत्रित अभ्यासक्रमही मान्य आहेत. परंतु आपल्या मुलांना साधारणतः याच दोन वाटा भेटतात. राखीव वर्गांना गुणांत काही सवलत आहे. नववीपासून पुढे मात्र बी.एड. हवेच. तेथे गुजराथेत निराळी अभिरुची परीक्षा आहे, तिला टॅट म्हणतात. तिचा विचार या लेखात केलेला नाही.

या शिक्षणावर शेवटी आणखी एक कुलूप आहे, ते शिक्षक पात्रता परीक्षेचे, म्हणजे टीईटीचे. दीडशे प्रश्न, दीडशे गुण. पैकी साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण मिळाले की उत्तीर्ण. राखीव वर्गांना राज्य सरकार त्यात सवलत देऊ शकते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ अडाणीपणा होय. पहिल्या पेपरात, जो पहिली ते पाचवीसाठी असतो, बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास अशा पाच विषयांचे प्रत्येकी तीस गुण. दुसऱ्या पेपरात बालविकास व दोन भाषा तशाच राहतात आणि उरलेले साठ गुण उमेदवाराच्या विषयाप्रमाणे गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्रांना जातात.

पूर्वी हे प्रमाणपत्र जास्तीत जास्त सात वर्षे चाले. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने ते आजन्म ग्राह्य केले, आणि तेही २०११ पासून मागे जाऊन. म्हणून ज्या घरात २०१३-१४ सालचे जुने प्रमाणपत्र 'मुदत संपली' म्हणून पत्र्याच्या पेटीत पडले असेल, त्यांनी ते काढून जपून ठेवावे. अशी एक पेटी आम्ही स्वतः उघडावयास लावली आहे.

ही परीक्षा अवघड आहे की सोपी? महाराष्ट्रात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. तेव्हापासून बहुतेक खेपेस उत्तीर्णांचे प्रमाण शेकडा दहाच्याही बरेच खाली राहिले. हे वाचून कोणी घाबरू नये. आमच्या पाहण्यात आपल्या मुली बालविकासात आणि मराठीत चांगले गुण घेतात. अडतात त्या गणितात आणि दुसऱ्या भाषेत, जी बहुधा इंग्रजी असते. गणित आठवी-दहावीच्या पायरीचे असते. परंतु एका मिनिटात एक प्रश्न सोडविण्याची सवय नसते. साडीला टिकल्या लावीत लावीत अभ्यास करणाऱ्या मुलीला वेळ लावून पेपर सोडविण्यास कोणी बसवीतच नाही. घड्याळ समोर ठेवून दर रविवारी एक पूर्ण पेपर सोडविला, तर तीन महिन्यांत बारा पेपर होतात. एवढा सराव केलेल्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक नव्वदाच्या जवळ तरी आलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

परीक्षेचे हे कुलूप मोडून आत शिरू पाहणारेही निघाले. महाराष्ट्रात २०१९-२० च्या परीक्षेत पैसे देऊन गुण वाढविल्याचे प्रकरण २०२१ साली उघडकीस आले. पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली व त्यांना पुढील परीक्षांसही बंदी झाली. त्यांत कर्ज काढून दलालाला पैसे दिलेल्या गरीब घरची मुले किती असतील, हा विचार मनाला त्रास देतो. 'इतक्या पैशांत प्रमाणपत्र मिळवून देतो' असे म्हणणारा मनुष्य पांडेसऱ्यातही फिरकतो. तो दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नये, असे आमचे मत आहे.

आता आमची चूक. २०१० च्या नियमात पहिली ते पाचवीस बी.एड. चालत नव्हते. २८ जून २०१८ रोजी परिषदेने नवी अधिसूचना काढून बी.एड. झालेल्यांनाही प्राथमिकचे दार उघडले. अट एवढीच, की नोकरी लागल्यावर दोन वर्षांत सहा महिन्यांचा एक पूरक अभ्यासक्रम पुरा करावा. आम्हांस ही मोठी सोय वाटली. एकच बी.एड. करावे, पहिलीपासून दहावीपर्यंत सारी दारे उघडी! २०२० साली एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर आली. इतिहास घेऊन बी.ए. झालेली, गुण चांगले. तिला लहान मुलांना शिकवावयाचे होते. पहिली-दुसरीचाच वर्ग हवा म्हणे. तिने विचारले, "मी पदविका करू का?" आम्ही म्हटले, "पदवीधर मुलीने पुन्हा बारावीनंतरचा कोर्स कशाला करावा? बी.एड. कर." फीचा अर्धा भाग ट्रस्टने दिला, अर्धा वडिलांनी खात्यावर उचल घेऊन भरला.

ती दुसऱ्या वर्षाला असताना, नोव्हेंबर २०२१ मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. आम्ही म्हटले, सर्वोच्च न्यायालयात बदल होईल. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचाच निर्णय कायम केला. लहान मुलांना शिकविणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, त्याचे शिक्षण पदविकेत मिळते, बी.एड. मोठ्या मुलांसाठी आहे. आणि चांगल्या शिक्षणाचा हक्क मुलाचा आहे, असे त्याचे तात्पर्य. त्या तारखेआधी नियुक्त झालेल्या बी.एड. शिक्षकांना नंतर न्यायालयाने संरक्षण दिले. परंतु आमच्या मुलीची नियुक्ती झालेली नव्हती. तिच्यापुढे पहिली ते पाचवीचे दार बंद झाले.

निकाल वाचताना सुरुवातीस आम्हांस राग आला. नंतर तो दोनदा वाचला आणि राग स्वतःवर आला. मुलीने पहिल्याच दिवशी बरोबर प्रश्न विचारला होता. पदविकेला आम्ही 'खालचा' कोर्स समजलो, कारण तो बारावीनंतरचा. जणू लहान मूल म्हणजे लहान काम! ती मुलगी पुढे दुसरा पेपर उत्तीर्ण झाली. सहावी ते आठवीच्या सामाजिक शास्त्राच्या जागेसाठी ती पात्र आहे, व तोवर एका खाजगी शाळेत शिकवीत आहे. तिचे काही बुडाले नाही असे लोक म्हणतात. तिची दोन वर्षे आणि तिचा पहिलीचा वर्ग बुडाला, असे आम्ही म्हणतो.

पदविकेत असे काय शिकवितात, हे एका उदाहरणाने पाहू. पांडेसऱ्यातील मराठी शाळेतले पहिलीचे मूल घरी अहिराणी बोलते, गल्लीत हिंदी, दुकानावर गुजराथी. शाळेत येते तेव्हा पुस्तक पुण्याच्या मराठीत असते. ते मूल म्हणते, "बाई, माले पानी दे." अशिक्षित दृष्टीचा शिक्षक म्हणतो, 'माले' चूक, 'मला' म्हण, आणि 'दे' काय, 'द्या' म्हण. दोन शब्दांत दोन चुका निघाल्या आणि पाणी राहिलेच. प्रशिक्षित शिक्षिका आधी पाणी देते. मग तिला ठाऊक असते की 'माले', 'तुले' हे मुलाच्या भाषेतले नियमाने चालणारे शब्द आहेत; जेथे मराठीत 'ला' येतो तेथे अहिराणीत 'ले' येतो. म्हणजे मुलाला व्याकरण येते, फक्त ते दुसऱ्या भाषेचे आहे. ती फळ्यावर दोन रांगा मांडते: एकीकडे 'माले, तुले, रामले', दुसरीकडे 'मला, तुला, रामला'. मुलेच नियम शोधून काढतात. तासभर हसत-खेळत विभक्ती शिकून होते आणि कोणाला आपल्या आईच्या बोलीची लाज वाटत नाही. परीक्षेच्या बालविकासाच्या प्रश्नांत नेमके असेच प्रसंग घातलेले असतात. चार पर्यायांपैकी एकात मुलाला रागावलेले असते, एकात दुर्लक्ष केलेले असते, एकात पालकांना बोलाविलेले असते आणि एकात मुलाच्या भाषेचा आधार घेतलेला असतो. हे पर्याय ओळखण्यासाठी गाइड पाठ करण्याचे कारण नाही.

फुल्यांना शेतकऱ्यांतला शिक्षक का हवा होता, हे येथे कळते. खानदेशी घरातली मुलगी जेव्हा पदविका घेऊन या वर्गात उभी राहते, तेव्हा तिला 'माले'चा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. आणि मराठी शाळेत गुजराथीही शिकवावी लागते, हे विसरता कामा नये. २०२३ साली गुजराथ विधानसभेने केलेल्या कायद्याने पहिली ते आठवीच्या सर्व शाळांत, मग माध्यम कोणतेही असो, गुजराथी शिकविणे सक्तीचे झाले. आमच्या मते हे मुलांच्या हिताचेच आहे. ज्या राज्यात पोट भरावयाचे त्या राज्याची लिपी वाचता आली पाहिजे. पुस्तकाला गुजराथीत 'चोपडी' म्हणतात आणि चुकीला 'खोटुं' म्हणतात. आपल्या मुलाच्या वहीवर 'खोटुं' लिहिलेले पाहून 'मी खोटे कुठे बोललो?' असे रडणारे मूल आम्ही पाहिले आहे. तेव्हा शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलींनी गुजराथी नुसती बोलता येते यावर थांबू नये, लिहावयास शिकावे.

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराथी, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. इतक्या भाषांच्या नगरपालिका शाळा देशात फार थोड्या शहरांत असतील. घटनेच्या ३५० (अ) कलमात, जे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक संस्थेने करावा असे सांगितले आहे. सोय म्हणजे नुसती खोली नव्हे. शिक्षणहक्काच्या कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण दिलेले आहे. मराठी शाळेत मराठी माध्यमाचा पात्र शिक्षक नसेल, तर ते प्रमाण कागदावरच राहणार. पालक मग मूल काढून जवळच्या खाजगी शाळेत घालतात, शाळेचा पट घटतो, आणि पट घटला म्हणून जागाही घटतात. हे चक्र मधे कोठेतरी अडवावयाचे तर पात्र शिक्षक तयार असले पाहिजेत, आणि ते आपल्याच घरांतून तयार झाले पाहिजेत.

आता मुलीने कोणत्या दाराने जावे? तीन दारे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली निराळी आहे. गुजराथेतील सरकारी व पालिका शाळांसाठी गुजराथ राज्य परीक्षा बोर्डाची टीईटी, प्राथमिकची पहिली आणि उच्च प्राथमिकची दुसरी. त्यात नुसते उत्तीर्ण होऊन भागत नाही, मिळालेले गुण भरतीच्या यादीत धरले जातात. म्हणून नव्वदावर समाधान मानू नये. भरती 'विद्यासहायक' म्हणून होते आणि पहिली पाच वर्षे ठराविक पगारावर काढावी लागतात. २०२३ पासून अकरा महिन्यांच्या कराराने 'ज्ञानसहायक' नेमण्याची योजनाही आली. ती कायम नोकरी नव्हे, हे घरच्यांनी समजून घ्यावे. जाहिरातीत माध्यम निराळे छापलेले असते, ते आधी वाचावे आणि मगच अर्जाची फी भरावी.

दुसरे दार महाराष्ट्राचे. तेथे पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची टीईटी, तिच्यानंतर दोनशे गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि मग 'पवित्र' पोर्टलवर पसंतीक्रम. नंदुरबार-धुळ्याच्या जिल्हा परिषद शाळा आपल्या माणसांना ओळखीच्या. तेथे काका-मामाही असतात. पण दाखल्यांचा प्रश्न आहे. अनुसूचित जाती-जमातींचा लाभ आपल्या मूळ राज्यात मिळतो, स्थलांतर केलेल्या राज्यात तो आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली सांगितले. म्हणून सुरतेत जन्मलेल्या मुलीने गुजराथेत राखीव जागेवर अर्ज भरला आणि दाखला आजोबांच्या धुळे जिल्ह्याचा जोडला, तर अर्ज अडकतो. अशा घरांनी कोणत्या राज्यात कोणता दाखला चालेल याची चौकशी बारावीच्या आधीच करावी. नोकरीच्या वेळी धावपळ करून काही हाती लागत नाही.

तिसरे दार केंद्राचे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ २०११ पासून केंद्रीय टीईटी घेते. ती केंद्रीय विद्यालयांसारख्या शाळांसाठी आहे. भाषा म्हणून तिच्यात मराठीही घेता येते. परंतु गणित व परिसराचे प्रश्न हिंदी व इंग्रजीत असतात. आपल्या सुरतेच्या मुलींची हिंदी चांगली असते, त्यामुळे ही परीक्षा त्यांना फारशी परकी वाटत नाही. सराव म्हणून तरी ती अवश्य द्यावी.

आणि आता नोकरीत असलेल्यांविषयी. आपल्या समाजातील काही शिक्षक टीईटी सुरू होण्याच्या आधीपासून शाळांत आहेत. त्यांना ही परीक्षा लागू नाही अशी पंधरा वर्षे समजूत होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील एका शिक्षणसंस्थेच्या व इतर प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी लागेल, पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांनी नोकरी पुरी करावी, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही. अल्पसंख्याकांच्या संस्थांचा प्रश्न त्याने मोठ्या पीठाकडे पाठविला.

या निकालानंतर आमच्या ओळखीचे एक गुरुजी, ज्यांच्या हाताखाली आमची दोन मुले शिकली, संध्याकाळी कार्यालयात आले आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले. पंचवीस वर्षे शिकविले, आता पुन्हा परीक्षा. आम्ही त्यांना काय सांगणार? साने गुरुजींकडे कुठे टीईटी होती, असे कोणी रागाने म्हणतो. तेही खरेच आहे. पण कायदा साने गुरुजींसाठी लिहिलेला नसतो. तो वर्गात कोणीही येऊन उभे राहू नये म्हणून लिहिलेला असतो, आणि असे कोणीही येऊन उभे राहिल्याची उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण पंचवीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाला एका परीक्षेत तोलणे आमच्या मनाला पटत नाही, हेही लिहून ठेवतो. गुरुजी आता रविवारच्या सरावाला येतात. ज्या बाकावर त्यांची जुनी विद्यार्थिनी बसते, त्याच बाकावर बसून पेपर सोडवितात. गणितात ती त्यांना मागे टाकते, बालविकासात ते तिला. पेपर तपासून झाला की दोघे चुकलेले प्रश्न एकमेकांना समजावून सांगतात, आणि त्या वेळी कोण शिक्षक आणि कोण विद्यार्थी हे आम्हांस सांगता येत नाही.

एक गोष्ट राहिली, ती कॉलेजच्या मान्यतेची. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र सरकारी शाळेच्या नोकरीला चालत नाही, असे १९९३ च्या कायद्यातच आहे. अप्रशिक्षित शिक्षकांसाठी २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली गेली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत देशभर लाखो शिक्षकांनी घरबसल्या पदविका केली. ती सोय नोकरीत असलेल्यांसाठी व तेवढ्यापुरतीच होती. तिचे नाव पुढे करून 'घरबसल्या डी.एल.एड.' विकणारे आजही भेटतात. आपल्या गल्लीतील एका कुटुंबाने अशाच एका संस्थेला दोन वर्षांची फी भरली, कागद हातात आला, आणि तो कोठेही चालला नाही. फी भरण्यापूर्वी कॉलेजकडे मान्यतेच्या आदेशाची प्रत मागावी. जे देत नाहीत त्यांच्या पायरीवरून परत यावे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पुढे चार वर्षांचे एकत्रित बी.एड. हीच मुख्य वाट करावी आणि २०३० पर्यंत तीच किमान पात्रता व्हावी असे म्हटले आहे. तेव्हा आज दहावीत असलेल्या मुलांच्या पालकांनी हा लेख चार-पाच वर्षांनी जसाच्या तसा वापरू नये. त्या वेळचा नियम त्या वेळी पाहावा. आमच्या चुकीची पुन्हा आवृत्ती निघू नये म्हणून ट्रस्टच्या शिक्षण समितीने एक साधा ठराव केला आहे: फी-साहाय्याच्या अर्जाबरोबर चालू वर्षाची अधिसूचना किंवा भरतीची जाहिरात जोडलेली असली पाहिजे, आणि सल्ला देणाऱ्याने ती मुलीसमोर वाचून दाखविली पाहिजे.

त्या बी.एड. झालेल्या मुलीची धाकटी बहीण यंदा बारावी पास झाली. तिच्यासाठी वडील आले तेव्हा अर्ज आम्ही भरला नाही, थोरल्या बहिणीने भरला. पदविकेचाच भरला. कागद पुढे सरकवून ती म्हणाली, "नाना, या खेपेस तुम्ही नुसती सही करा."